मोजू नये

बावतीसकाकांनी पंप दिला तेव्हा एक वहीही दिली,
निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानांवर अजून
कुणाच्या तरी बांगड्यांचा, बर्फाचा हिशेब.
मग पेन्सिलीने : कोण कधी उडतं.

चैत्र, तिन्हीसांज. कोरडी. कपाटातून. बारा-पंधराच.
(ही मातीला पाय लावत नाही.
शिसवी फळीत जन्मते, तिथेच म्हातारी होते.
खाली खसखशीएवढ्या लेंड्यांची रास,
माणसं रवा सांडला म्हणून झाडून घेतात.)

वैशाख, अवेळी सर येऊन गेल्यावर. धक्क्याकडची.
जुन्या होडीच्या नाळीतून. बत्ती लागली की.

मृग ते तरणा पाऊस. बुरशी पिकवणारी. वारुळातून.
पावसाने उसंत घेतली की. मोजू नये.

त्याखाली, खोडून पुन्हा लिहिलेलं :
मोजून बघितलं. मोजू नये.

आषाढात फोन आला. वेंगुर्ल्याच्या अलीकडचं गाव, देवस्थान कमिटी.
"मंडपाचे खांब पोकळ वाजतत. येवन बघ.
पन एक सांगूचा आसा..."
ते एक काय, ते फोनवर कुणी सांगितलं नाही.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खांब वाजवत गेलो.
पहिला टण्. दुसरा टण्.
तिसरा भोपळ्यासारखा.
नखाने ऑइलपेंट खरवडला
तर आत फणसाच्या लाकडाची पानंच पानं,
मऊ तेवढं खाऊन शिरा ठेवलेल्या,
आणि बुंध्याशी मातीची एक नळी,
पेन्सिलीएवढी, अजून ओली.

नळीचा माग काढत गुडघ्यांवर सरकलो.
फरशीची फट. तेलाचा डबा. नारळाच्या शेंड्या.
उंबरठा.
मान वर केली तर
हिरवी साडी नेसलेलं, चांदीचा मुखवटा लावलेलं,
माझ्या खांद्याला लागेल एवढं
वारूळ.

धाकू गुरव म्हणाला, "हीच ती. सातेरी.
खांब वाचव. आवशीक हात लावू नको."

औषधाचं मला पाठ आहे.
वास नाही, चव नाही, लगेच मारत नाही.
एकीच्या अंगाला लागतं, ती घरी जाते,
तोंडातून तोंडात भरवते,
पिल्लांना, शिपायांना,
आणि सगळ्यांत शेवटी
त्या जागची हलू न शकणाऱ्या एकीला.
कंपनीच्या पत्रकात हे गुण म्हणून छापलंय.

विचारायचं होतं वेगळंच. विचारलं, "दरवर्षी वाढते?"
"बोटभर. मुखवटो सरकवचो लागता."

मी ड्रिलची वायर सोडवत होतो, पुन्हा गुंडाळत होतो.
बाहेर पागोळ्या थांबल्या.
निरीच्या घडीतून एक पाखरू आलं,
अंगापेक्षा पंख मोठे, नव्या कपड्यात अवघडलेलं.
मग दोन. मग साडीच हलायला लागली.
मुखवट्याच्या डोळ्यातून, नथीमागून,
दाण्यांचं पोतं फाटावं तशी.

ट्यूबलाइटवर जाऊन आदळली पहिली.
गुरव उठला, खटका बंद केला, दार उघडलं.
"जावंदेत त्यांका. पोरी चलल्यो."
अंगणात बेडूक आधीच पंगतीला बसलेले.
कोतवाल पक्षी तारेवरून सुटत होता, परतत होता.
किती पोचणार, वहीत नाही.
अंधारात आम्ही दोघं
तोंडावर हात धरून उभे.

पावतीवर लिहिलं : तिसरा खांब बदला.
खाली दगड बसवा, दगडावर पत्रा. औषध नाही.
कमिटीत अजून वाद चाललाय, असं कळतं.
खांबाला सध्या माडाच्या खोडाचा टेकू आहे.
माडही तिला आवडतो, हे मी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या बँकेत
रेकॉर्ड रूमच्या कडेने बत्तीस भोकं पाडली.
प्रत्येकात मापाने ओतलं. हात थांबला नाही.
फक्त पेटी उघडली तेव्हा
ड्रिलच्या टोकाला एक पंख चिकटलेला होता.
कुणीतरी वापरून टाकून दिलेला.
फुंकर मारली नाही. तसाच आत गेला.